नुसतं "टक" करून गप्प बसणारी गाडी: नवीन बॅटरी टाकली, सेल्फ दुरुस्त केला, तरी तेच होत असेल तर हे वाचा

गाडी कधी पहिल्याच फटक्यात चालू होते आणि कधी चावी फिरवली की बॉनेटखालून एक "टक" येतो आणि पुढे काहीच नाही, डॅशबोर्डचे दिवे लागलेले, हॉर्न वाजतोय, काचा खालीवर होतायत, फक्त इंजिन फिरत नाही. मग चारपाच वेळा चावी फिरवली की सहाव्यांदा काही झालंच नव्हतं अशी चालू होते. आमच्या गाडीने हा त्रास सलग आठ महिने दिला. त्या आठ महिन्यांत बॅटरी नवीन टाकून झाली, सेल्फ (चालू करताना इंजिन फिरवणारी मोटर) खोलून झाला, चावीचा स्विच बदलून झाला आणि शेवटी दोष सापडला तो हातभर लांबीच्या तांब्याच्या एका वेणीत. ओळखीतल्या तीन जणांना नंतर हाच त्रास झाला आणि तिघांनीही आधी बॅटरीच बदलली, म्हणून सगळं नीट लिहून ठेवते.

आधी गाडीचं सांगते. पेट्रोल, साधा गिअर, अकरा वर्षं जुनी छोटी हॅचबॅक, ३५ एएचची बॅटरी (एएच म्हणजे अँपियर-अवर, किती करंट किती तास पुरेल त्याचं माप), क्लच केबलवर चालणारा. राहतो रत्नागिरी तालुक्यात, समुद्र घरापासून चालत वीस मिनिटांवर, गाडी पडवीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये असते. समुद्र जवळ आहे हे मुद्दाम सांगतेय, कारण खाऱ्या वाऱ्याचा पुढे फार संबंध आहे. आमच्याकडे खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तिथे गाडीखालच्या उघड्या तांब्याचं काय होत असेल ते बघा.

पहिल्यांदा झालं फेब्रुवारीत. सकाळी शाळेला निघाले, टक, पुन्हा टक, तिसऱ्यांदा चालू. बॅटरी चार वर्षांची होती, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी तीन ते पाच वर्षं जाते त्यामुळे संशय तिच्यावरच गेला आणि नवीन टाकली. तीन आठवडे एकदाही त्रास नाही. मग परत सुरू. मेस्त्री म्हणाले, "बाई, सेल्फ गेलाय तुमचा, कार्बन संपले असणार." सेल्फ उतरवला, खोलला, आणि खरंच कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ठोकळे) झिजलेले होते, बुशही घासलेले, ते सगळं बदललं. परत महिनाभर छान. हे "परत महिनाभर छान" प्रकरण फार फसवतं आणि ते का होतं ते पुढे सांगते.

मे महिन्यात आईला डोळे दाखवायला कोल्हापूरला घेऊन निघालो होतो. साखरप्याला चहाला थांबलो, वीसेक मिनिटं इंजिन बंद, बाहेर ऊन रणरणतंय, आणि परत बसलो तर टक. दहा वेळा टक. पुढे आंबा घाट, बाजूला आई, हातात वेळ घेतलेला कागद. टपरीवरच्या चार पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडला आणि गाडी चालू झाली, मग कोल्हापूरला पोचेपर्यंत इंजिन बंद केलंच नाही. पेट्रोल भरायलासुद्धा थांबले नाही इतकी धास्ती घेतली होती. (धक्का स्टार्ट ही सोय फक्त साध्या गिअरच्या गाडीला, ऑटोमॅटिकला जमत नाही.) परत आल्यावर दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली, त्यांनी चावीचा स्विच बदलला. जूनमध्ये परत टक.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की आपण शाळेत नववीच्या मुलांना ओहमचा नियम शिकवतो, मीटर कसा जोडायचा ते करून दाखवतो, आणि या गाडीत एवढे पैसे घातले पण एकाही माणसाने, मी धरून, एकदाही काही मोजलेलं नाही. बॅटरीवाल्याने बॅटरी तपासली, ती चांगली होती. सेल्फवाल्याने सेल्फ टेबलावर थेट बॅटरी लावून फिरवून बघितला, तोही चांगला. या दोघांच्या मधल्या रस्त्याकडे कुणी बघितलंच नाही.

आता हा रस्ता समजून घ्या, बाकी सगळं त्यावर आहे. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून जाड लाल वायर सेल्फवरच्या सोलेनॉइडला जाते (चावी फिरवली की मोटरला करंट जोडून देणारा विजेचा मोठा स्विच, "टक" त्याचाच), तिथून मोटरमध्ये. मोटरमधून करंट बाहेर येतो तो मोटरच्या अंगातूनच, म्हणजे सेल्फ जिथे बोल्टने बसवलाय त्या इंजिनात आणि गिअरबॉक्समध्ये. पण इंजिन तर रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत एक जाड वायर किंवा तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते, तिला अर्थ वायर किंवा अर्थ स्ट्रॅप म्हणतात, मी वेणी म्हणते कारण ती दिसतेच तशी. बॉडीवरून काळी वायर परत बॅटरीच्या निगेटिव्हला. काही गाड्यांत बॅटरीची काळी वायर थेट गिअरबॉक्सलाही जाते. तुमच्या गाडीत कशी गेलीय ते बॉनेट उघडून बोटाने मागोवा घेत बघा.

छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना शंभर ते दीडशे अँपियर सहज ओढतो, आणि फिरायला सुरुवात करायच्या क्षणी त्याहून जास्त. आता या रस्त्यात कुठेतरी गंज चढून फक्त ०.०२ ओहमचा अडथळा तयार झाला असं समजा. ओहमच्या नियमाने १५० अँपियर गुणिले ०.०२ ओहम म्हणजे ३ व्होल्ट तिथेच गेले. हा ०.०२ ओहम साध्या मल्टीमीटरच्या ओहमच्या रेंजवर दिसणारच नाही, मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याच्या कितीतरी पट असतो. त्यामुळे वायर काढून "कंटिन्यूटी आहे, बीप वाजतोय" असं कुणी सांगितलं तर त्याचा सेल्फच्या वायरीसाठी काहीही उपयोग नाही. बारीक केसाएवढा एक तंतू जरी शिल्लक असला तरी बीप वाजतो. म्हणून मोजायचं ते करंट वाहत असताना, आणि ओहम नाही तर व्होल्ट.

साहित्य काय लागतं तर तीनचारशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर, दहा नंबरचा पाना, पॉलिश पेपर आणि चावी फिरवायला एक माणूस. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हातातलं घड्याळ अंगठी बांगडी काढून ठेवा, कारण पाना एका वेळी पॉझिटिव्ह आणि बॉडीला टेकला तर भाजतं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे जवळ काडी बिडी नको. इंजिन मध्येच चालू होऊ नये म्हणून फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

सगळ्यात आधी बॅटरी. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी काहीही चालू न करता मोजा, मीटर २० व्होल्ट डीसीवर. १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. १२.२ च्या खाली असेल तर पुढची कुठलीच तपासणी करू नका, आधी बॅटरी चार्ज करा, नाहीतर सगळेच आकडे खोटे येतील. पण १२.६ आलं म्हणजे बॅटरी चांगली असं मात्र नाही, आतून गेलेली बॅटरीसुद्धा मोकळी असताना १२.६ दाखवते आणि भार आला की कोसळते. म्हणून मीटर तसाच लावून ठेवून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. आकडा ९.६ च्या वर राहिला तर बॅटरी ठीक. त्याच्या खाली, सात आठ वर गेला तर बॅटरी संपलीय किंवा सेल्फ जाम होऊन भलताच करंट ओढतोय.

इथे एक आवाजाचा फरक सांगते. एकच टक आणि मग शांतता, आणि टकटकटकटक असा मशीनगनसारखा आवाज, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टकटकटक म्हणजे सोलेनॉइड ओढला जातो, मोटरला करंट जातो, त्याने व्होल्टेज इतकं पडतं की सोलेनॉइड सुटतो, सुटला की व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो. हे बहुतेक वेळा उतरलेली बॅटरी किंवा बॅटरीच्या टोकावर सैल झालेली, पांढरी हिरवी पावडर धरलेली क्लिप. आधी तीच साफ करा. निगेटिव्ह पहिली काढायची, शेवटी लावायची. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून त्याने जुन्या ब्रशने घासायचं, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ द्यायचं नाही, कोरडं करून आतून बाहेरून पॉलिश पेपर मारायचा, घट्ट बसवायची आणि वरून पेट्रोलियम जेली. निम्म्या लोकांचं काम इथेच होतं.

आमचा होता एकच टक. म्हणजे सोलेनॉइड व्यवस्थित ओढला जातोय पण मोटरला जोर नाही.

आता मुख्य तपासणी, दोन माप. पहिलं माप निगेटिव्ह बाजूचं. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या टोकावर टेकवा, वर बसवलेल्या क्लिपवर नाही, खुद्द शिशावर, कारण शिसं आणि क्लिप यांच्यामध्येही गंज असू शकतो. लाल टोक इंजिनच्या उघड्या धातूवर, एखादा स्वच्छ बोल्ट बघून. सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघा. ०.२ पर्यंत उत्तम, ०.३ चालेल, त्याच्या वर गेलं की अर्थच्या बाजूला दोष. दुसरं माप पॉझिटिव्हचं. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हच्या शिशावर, काळं टोक सेल्फच्या त्या बोल्टवर जिथे मोटरला करंट शिरतो. सेल्फ मारताना ०.५ च्या आत हवं. तिथे जास्त आलं तर लाल वायर, तिची थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवलेली, बोल्टखाली जाणारी धातूची कडी) किंवा सोलेनॉइडच्या आतले जळलेले तांब्याचे काँटॅक्ट. हे काँटॅक्ट वेगळे तपासायचे असतील तर सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मीटर लावा, टक आवाज आल्यावरही तिथे बॅटरीएवढेच व्होल्ट दिसत राहिले तर काँटॅक्ट जोडलेच जात नाहीयेत.

आमच्या गाडीचे आकडे त्या दिवशी असे होते. टक होत असताना बॅटरीवर १०.६, म्हणजे बॅटरी ठीक. पॉझिटिव्ह बाजूला ०.३, ठीक. निगेटिव्ह बाजूला ३.९! मी तिनदा मोजलं. १०.६ मधून ०.३ आणि ३.९ वजा केले की उरतात ६.४ व्होल्ट, एवढ्यावर तो बिचारा सेल्फ इंजिन फिरवणार होता. मग तुकड्यातुकड्याने बघितलं. शिशाचं टोक ते क्लिप, जवळजवळ शून्य. क्लिप ते बॉडीवरचा बोल्ट, ०.१. बॉडी ते गिअरबॉक्स, ३.७. म्हणजे वेणी.

मीटर नसेल तरी हे कळतं, आणि हा उपाय रस्त्यात अडकलेल्याला फार कामाचा आहे. जम्पर वायरची काळी वायर घ्या, एक चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा थेट इंजिनवरच्या उघड्या धातूच्या हुकावर किंवा बोल्टवर, बेल्ट आणि पंख्यापासून लांब. दुसरी गाडी नको, दुसरी बॅटरी नको. मग सेल्फ मारा. फटक्यात चालू झाली तर दोष अर्थमध्येच आहे. मी हे केलं तर गाडी अशी फिरली की आई आतून विचारायला आली नवीन सेल्फ बसवलास का. साखरप्याला डिकीत जम्पर वायर पडलेली होती हे आठवून मला फार वाईट वाटलं.

आता मघाचं. बॅटरी बदलल्यावर तीन आठवडे आणि सेल्फ केल्यावर महिनाभर गाडी का चांगली चालली? कारण दोष पूर्ण तुटण्याचा नव्हता, अपुऱ्या जोराचा होता. नवीन बॅटरी भाराखाली जरा जास्त व्होल्ट धरून ठेवते, नवीन कार्बनचा सेल्फ कमी जोरावर फिरतो, म्हणून प्रत्येक बदलाने थोडी सवड मिळाली आणि गंज पुढे वाढला की ती संपली. त्यामुळे पार्ट बदलल्यावर आठवडाभर बरं वाटलं म्हणजे तोच पार्ट गेला होता असं समजू नका. आणि कोल्हापूरच्या वाटेवर गरम असताना का अडली तर धातू तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, सेल्फच्या आतल्या वाइंडिंगचाही, आणि बॉनेटखाली इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटं उष्णता उलट वाढते. आधीच काठावर असलेलं गणित तिथे बिघडलं.

दोन खुणा आधीपासून समोर होत्या. एक म्हणजे हेडलाइट. सगळे सांगतात हेडलाइट लावून सेल्फ मारा, विझायला आले तर बॅटरी, नाही विझले तर सेल्फ. आमचे थोडेसेच मंद व्हायचे, म्हणून सगळ्यांनी सेल्फ धरला. पण हेडलाइटची अर्थ बॉडीवर असते आणि सेल्फची इंजिनावर, त्यामुळे बॉडी आणि इंजिनच्या मधली वेणी खराब असेल तर हेडलाइटला काही कळणारच नाही. ही तपासणी बॅटरीसाठी चांगली आहे पण वेणीच्या बाबतीत ती हमखास सेल्फवर बोट दाखवते. दुसरी खूण क्लचची केबल. मार्चपासून क्लच जड झाला होता आणि केबल दोनदा बदलली होती. वेणी निकामी झाली की करंट इंजिनपासून बॉडीपर्यंत दुसरी वाट शोधतो, आणि क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल ही पोलादी तार असते, तिचं एक टोक गिअरबॉक्सवर आणि दुसरं बॉडीवर. सेल्फ मारला की मोठा करंट तिच्यातून जातो, ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं आणि क्लच जड होतो. तुमच्या गाडीत केबल वरचेवर जात असेल आणि सेल्फचाही त्रास असेल तर बाकी सगळं सोडून आधी वेणी बघा. चारपाच वेळा सेल्फ मारल्यावर केबलला हात लावून बघा, गरम लागली तर झालं.

वेणी काढली तर वरून अगदी ठीक दिसत होती, काळं आवरण शाबूत. थिंबलजवळ आवरण ब्लेडने सोललं आणि आतून हिरवी भुकटी गळली, चारदोन तारा तेवढ्या जोडलेल्या. शिवाय गिअरबॉक्सवरचा बोल्ट, जो आदल्या वर्षी क्लचप्लेट बदलताना कुणीतरी काढला होता, तो हाताने फिरत होता आणि थिंबलखाली गंजाचा थर होता. थिंबलजवळून पाणी आत शिरलं की ते तारांमधून वर चढत जातं आणि समुद्राजवळ त्यात मीठ असतं. नवीन केली ती २५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरची, दोन्ही टोकांना थिंबल दाबून घेतल्या आणि त्यावर चिकट उष्णतेने आकसणारी नळी चढवून तोंडं बंद केली. थोडी सैल ठेवा, इंजिन हलतं तेव्हा ताण यायला नको. गिअरबॉक्सवर आणि बॉडीवर दोन्हीकडे रंग, गंज घासून चकचकीत धातू येईपर्यंत पॉलिश पेपर, दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, आणि मग वरून ग्रीस, आधी नाही. सगळं मिळून ३५० रुपये. निगेटिव्ह बाजूचं माप परत घेतलं, ०.१४.

आता ज्यांना टक हा आवाजही येत नाही त्यांनी सोलेनॉइडची बारीक वायर बघायची. चावी फिरवल्यावर तिच्यावर १२ च्या जवळपास व्होल्ट येतात का? येत असतील आणि तरी शांतता असेल तर सोलेनॉइड, सेल्फ किंवा परत अर्थ. येत नसतील तर मागे जा: सेल्फचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा डबीसारखा स्विच), फ्यूज, चावीचा स्विच, काही गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय सेल्फ मिळत नाही तो क्लचचा स्विच, ऑटोमॅटिकला पार्क न्यूट्रलचा स्विच. रिले तपासायला शेजारचा तसाच, त्याच नंबरचा रिले काढून अदलाबदल करून बघता येते, हॉर्नचा बऱ्याचदा जुळतो. बटणाच्या गाडीला ब्रेक दाबल्याशिवाय स्टार्ट होत नाही, तर मागे कुणाला तरी उभं करून ब्रेकलाइट लागतो का ते बघा, ब्रेकचा स्विच गेला असेल तर गाडीला तुम्ही ब्रेक दाबलाय हेच कळत नाही. आणि रिमोटचा सेल, बहुतेकांत सीआर २०३२ असतो, संपला असेल तर रिमोट स्टार्ट बटणाला चिकटवून धरा. बऱ्याच गाड्या तशा चालू होतात.

सकाळी गाडी पूर्ण मेलेली, दिवेसुद्धा नाहीत, आणि चार्ज केली की दोनतीन दिवस छान, असं परत परत होत असेल तर ते वेगळं दुखणं. माझ्या भावाची मुंबईची गाडी गणपतीला आली की तिसऱ्या चौथ्या दिवशी मेलेली असायची, तो म्हणायचा तुमच्याकडची हवाच लागत नाही तिला. मुंबईत ती रोज चालते म्हणून कळत नव्हतं. आधी इंजिन चालू असताना बॅटरीवर मोजलं, १४.२ आलं, १३.८ ते १४.५ मध्ये असलं की अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारं यंत्र, सहसा ठीक. मग गाडी बंद, चावी लांब, निगेटिव्ह क्लिप काढून ती आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपियरच्या भोकात लावून ठेवला. अर्धा पाऊण तास थांबायचं, कारण गाडीतले कंप्युटर झोपायला वेळ घेतात. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. ०.०५ अँपियरच्या आत यायला हवं, आलं ०.३८. दिवसाला नऊ एएच, म्हणजे ३५ एएचच्या बॅटरीतून तीन दिवसांत सत्तावीस. एकेक फ्यूज काढत गेलो, म्युझिक सिस्टीमचा काढला आणि आकडा ०.०२ वर आला. बाहेरून बसवलेल्या ॲम्प्लिफायरची वायर चावीवर न घेता थेट बॅटरीवर घेतलेली. बाहेरून बसवलेलं काहीही, कॅमेरा, ट्रॅकर, जास्तीचे दिवे, आधी त्यावरच संशय घ्या.

सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरी आणि सेल्फला सोडून द्या, ते त्यांचं काम करतायत. चावी ऑन करून मागच्या सीटकडे कान द्या, पेट्रोल पंपाचा दोनतीन सेकंद घूं आवाज यायला हवा. नाही आला तर पंपाचा फ्यूज, रिले, पंप. डॅशवर चावीचं चित्र लुकलुकत राहिलं तर इमोबिलायझर (चावी ओळखली नाही तर इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी सोय), दुसरी चावी वापरून बघा. थंड असताना चालू, तापल्यावर बंद, निवल्यावर परत चालू असं असेल तर क्रँकशाफ्टचा सेन्सर बघायला सांगा. फिरण्याचा आवाजच बदललाय, नेहमीपेक्षा भराभर आणि सपाट फिरतंय असं वाटलं तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो, सेल्फ मारणं ताबडतोब थांबवा. फार वेळ सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, बऱ्याच गाड्यांत त्याने इंजेक्टर बंद राहतात आणि जास्तीचं पेट्रोल बाहेर जातं. पावसात आमच्याकडे उंदीर बॉनेटमध्ये येतात, इंजेक्टरची वायर कुरतडलेली मी स्वतः बघितलीय, तर टॉर्च घेऊन नजर फिरवा. आणि सीएनजीवाल्यांनो, बऱ्याच गाड्या चालू पेट्रोलवर होतात आणि मग सीएनजीवर जातात, टाकीत महिनोन्महिने तेच लिटरभर पेट्रोल असेल तर गॅस भरलेला असूनही चालू होणार नाही. थोडं ताजं पेट्रोल भरत राहा आणि मधूनमधून पेट्रोलवर चालवा.

पाण्यात बुडालेल्या गाडीला मात्र यातलं काही लागू नाही. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या नात्यातल्या एकांनी पाणी ओसरल्यावर "बघू तरी" म्हणून सेल्फ मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकला आणि इंजिन उतरवावं लागलं. चाकांच्या मध्यापर्यंत पाणी चढलं होतं असं दिसलं तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि गाडी ओढून न्या, चावीला हात लावू नका.

मी आता दरवर्षी पावसाळा संपला की ऑक्टोबरात निगेटिव्ह बाजूचं माप घेते आणि सर्व्हिसच्या वहीत तारीख घालून लिहिते. पहिल्या वर्षी ०.१४ होतं, मग ०.१६, परवा ०.१९ आलं. ०.३ झालं की वेणी काढून परत घासायची.